पॉलिहाऊसमधल्या ढोबळीला थंडी बाधली, रात्रीची ऊब कशी टिकवू?

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यात जिंतूरच्या बाजूला आमचं दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे. वर 200 मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद, बाजूला गुंडाळायचे पडदे. ऑगस्टात रंगीत ढोबळी मिरची लावली. दिवाळीपर्यंत प्लॉट बघून मन भरायचं. आता दुपारी पारा 29 आणि पहाटे 7.

फुलं देठासकट गळताहेत. जी फळं धरली ती चपटी, बटणासारखी. काल एक कापलं, आत बी नावाला दोन-चार. रात्र 15-16 अंशांच्या खाली गेली की परागकण नीट तयार होत नाहीत, एवढं कळलंय. उपाय सापडत नाही.

शेंड्याच्या उंचीवर थर्मामीटर टांगलाय. बाहेर 7 तर आत साडेसात. परवा आभाळ निरभ्र, वारा पडलेला, तेव्हा पडदे बंद असूनही आत बाहेरच्यापेक्षा अर्धा अंश कमी! असं कसं? सकाळी कागदाला आतून पाणी सुटतं, थेंब पानांवर टपटपत राहतात, त्यामुळं बुरशीचीही धास्ती.

वडील म्हणतात, बागेत करायचो तसा आत गोवऱ्यांचा धूर करू. मला धीर होत नाही. दुसरे एक जण म्हणाले, 200 लिटरचे काळे बॅरल पाण्यानं भरून ठेव. वीस जमवता येतील. हिटर परवडत नाही, त्यात लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. पुढचे तोडे याच फुलांवर आहेत. अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.

उत्तर

दादा, धूर अजिबात नको. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड माणसाच्या जिवावर बेततो, आणि धुरातल्या इथिलीन वायूनं उरलेली फुलंही गळतील.

साधा कागद जमिनीची उष्णता रात्री आरपार आभाळात जाऊ देतो. बाहेर वाऱ्याची झुळूक ऊब खाली आणते, बंद पडद्याआड तीही येत नाही. म्हणून आत जास्त गार.

बॅरलचा हिशेब बघा. 200 लिटर पाणी 10 अंशांनी निवलं तर विजेच्या जेमतेम सव्वादोन युनिटांइतकी उष्णता मिळते. तुमच्या एकपदरी कागदातून पाच अंशांचा फरक राखायला तासाला 40-50 युनिट लागतील. वीस बॅरल रोपवाटिकेच्या छोट्या टनेलला ठीक, दहा गुंठ्यांना नाही.

पडदे कधी लावता? अंधार पडल्यावर लावत असाल तर उशीर होतोय. चार वाजता, ऊन आत असतानाच लावा. मग ज्या तारांना झाडं सुतळीनं बांधलीत, त्यांच्यावर संध्याकाळी क्रॉप कव्हर, म्हणजे पिकावर टाकायचं पातळ हलकं कापड, आडवं पसरा. मधला थर झाला की उष्णता कमी निसटते, वरचे थेंबही बरेचसे अडतात. ऊन चढलं की तो गुंडाळा आणि पडदे थोडे उघडून दमट हवा काढा. पाणी संध्याकाळी देऊ नका, सकाळी उशिरा द्या. 16 अंश यानं गाठणार नाही, पण दोन-तीन अंश वाचले तरी झाड तग धरेल आणि थंडी सरली की नवी फुलं नीट धरतील. बटणं झालेली फळं आत्ताच खुडा, झाडाची ताकद फुकट जाते.

आधी चारच ओळींवर करा, थर्मामीटर कव्हरखाली टांगा आणि आठ दिवसांचे आकडे कळवा.