मदत हवी आहे: रोज सकाळी संगणकाचं घड्याळ २०१७ मध्ये जातं

नमस्कार. दोन आठवडे याच्याच मागे लागलोय, आता काही सुचेनासं झालंय म्हणून विचारतो.

डेस्कटॉप आहे, सात-आठ वर्षं जुना. विंडोज १० आणि उबुंटू (लिनक्स) दोन्ही टाकलेलं आहे, सुरू करताना निवडतो. सकाळी विंडोज सुरू केलं की तारीख १ जानेवारी २०१७. ब्राउझर उघडला तर एकही साइट धड उघडत नाही, प्रत्येक ठिकाणी सर्टिफिकेटची तारीख चुकीची असल्याचा इशारा. इंटरनेटवरून वेळ जुळवणारं 'सिंक नाऊ' बटण दाबलं की अपयश. हाताने तारीख बरोबर केली आणि मग तेच बटण दाबलं तर लगेच चालतं! दिवसभर, मधे रीस्टार्ट केलं तरीही, काही त्रास नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा २०१७.

उबुंटूत गेलो तर थोड्या वेळात वेळ आपोआप बरोबर होते. म्हणजे हार्डवेअर ठीक आहे आणि दोष विंडोजचा, असं मी धरून चाललोय. टाइमझोन तपासला, टाइम सर्व्हर बदलून पाहिला, विंडोज टाइम सर्व्हिस बंद-चालू केली. रीसिंकची कमांड दिली तर वेळेत करावा लागणारा बदल फार मोठा आहे, असा काहीसा संदेश आला.

एवढा जिवाला का लावून घेतोय तेही सांगतो. आजोबांच्या डायऱ्या टाइप करतोय. दोन दिवस सकाळी नेट न उघडता थेट लिहायला बसलो, त्यामुळे तारखेकडे लक्षच गेलं नाही. त्या फाइलवर २०१७ चा शिक्का बसला. रात्री फोल्डर सिंक करणाऱ्या प्रोग्रामने बाहेरच्या डिस्कवरची आदल्या दिवशीची प्रत 'नवी' समजून माझ्या फाइलवर चढवली. अकरा पानं गेली. विंडोज नव्याने टाकू का?

प्रतिसाद:
नव्याने टाकू नका, फायदा होणार नाही. पानांचं वाचून फार वाईट वाटलं. फोल्डर सिंकच्या प्रोग्रामला आधी थांबवा, घड्याळ सुधारेपर्यंत चालवूच नका. काही प्रोग्राम बदललेल्या फाइलींची जुनी प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतात, तिथे एकदा शोधा.

एक प्रश्न. रात्री संगणक नुसता शटडाउन करता की भिंतीवरचं बटणही बंद करता?

धागाकर्ता:
बटणही बंद करतो. साधारण महिनाभरापासून. आधी करत नव्हतो. आणि हो, पानांची जुनी प्रत सापडली नाही, पण डायऱ्या हाताशी आहेत, पुन्हा टाइप करेन.

प्रतिसाद:
मग मदरबोर्डवरचा (मुख्य बोर्डावरचा) घड्याळाचा सेल गेलाय, जवळजवळ खात्रीच. बटण चालू असतं तेव्हा संगणक बंद असला तरी पॉवर सप्लायमधून थोडी वीज बोर्डाला मिळत राहते आणि घड्याळ त्यावर चालतं. बटण बंद केलं की सगळी भिस्त सेलवर. तुम्ही सवय बदललीत तेव्हा सेलचा दोष उघडा पडला, एवढंच. आज रात्री बटण चालूच ठेवून बघा. उद्या तारीख बरोबर निघाली तर शंका नको.

आता उबुंटूचं. तिथे वेळ सुधारते म्हणून हार्डवेअर निर्दोष ठरत नाही. उबुंटूची वेळसेवा फरक कितीही वर्षांचा असला तरी सर्व्हरची वेळ घेते. विंडोज तसं करत नाही. ऑफिसच्या डोमेनला (सामाईक नेटवर्कला) न जोडलेल्या विंडोजमध्ये मूळ मर्यादा ५४,००० सेकंदांची, म्हणजे १५ तासांची आहे. त्याहून मोठा फरक दिसला की ते सुधारणा नाकारतं. म्हणून तुम्ही हाताने तारीख जवळ आणली की 'सिंक नाऊ' चालतं. तो 'बदल फार मोठा' वाला संदेश म्हणजे हेच.

सेल बहुधा सीआर २०३२ असतो, ३ व्होल्टचा. काढण्याआधी बायोसच्या (बोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्रामच्या) सेटिंगचे फोटो काढून ठेवा, काही बोर्डांवर त्या मूळपदावर जातात. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या, नंतर ती मागितली जाऊ शकते. प्लग काढून मगच पेटीला हात लावा.

धागाकर्ता:
बटण चालू ठेवलं, सकाळी तारीख बरोबर! सेल काढून मल्टिमीटर लावला तर २.१ व्होल्ट. नवा बसवला. काल रात्री मुद्दाम बटण बंद केलं होतं, तरी आज सगळं ठीक. खरंच मनापासून आभार.

पण एक उरलंय. उबुंटू वापरून विंडोजमध्ये आलो की घड्याळ काही तासांनी चुकतं. प्रत्येक वेळी अगदी तेवढंच. हा सेलही खराब निघाला की काय?

दुसरा प्रतिसाद:
नाही, हा वेगळाच प्रकार आहे. सेल गेला की तारीख थेट मागे उडी मारते. सिंक होतच नसेल तर फरक दिवसागणिक थोडा थोडा वाढतो, कारण बोर्डावरचं घड्याळ चालवणारा क्वार्ट्झ स्फटिक किंचित जलद किंवा सावकाश चालतो. पण दर वेळी ठराविक तास म्हणजे टाइमझोनचा घोळ. तुमच्या स्थानिक वेळेत आणि यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) जितका फरक, तेवढाच हा निघेल, मोजून बघा. उबुंटू बोर्डावरच्या घड्याळात यूटीसी लिहितं, विंडोज तीच वेळ स्थानिक समजून वाचतं.

मी विंडोजला यूटीसी शिकवतो. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) टाइमझोनइन्फर्मेशन नावाच्या कीखाली 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' अशी डीवर्ड (आकड्याची) व्हॅल्यू करून १ ठेवा आणि रीस्टार्ट करा. त्याआधी रजिस्ट्रीचा बॅकअप घ्या. उलट मार्गही आहे, टाइमडेटसीटीएल ही कमांड वापरून उबुंटूला स्थानिक वेळ लिहायला लावता येतं, पण ते स्वतःच त्याबद्दल इशारा देतं, म्हणून मी टाळतो.

धागाकर्ता:
मोजलं, फरक नेमका तेवढाच निघाला. रजिस्ट्रीत बदल केला, तीनदा आलटून पालटून दोन्हीत गेलो, दोन्हीकडे वेळ एकच. फोल्डर सिंक अजून बंदच ठेवलंय. आता २०१७ चा शिक्का असलेल्या फाइली एकेक उघडून पुन्हा सेव्ह करतोय, म्हणजे तारीख सुधारेल. त्या संपल्या की ते चालू करेन. अकरापैकी चार पानं टाइप करून झाली.