अल्झायमरला ‘टाइप ३ डायबेटिस’ म्हणणं बंद करा

निशाचर (धागाकर्ता):
नातेवाईकांच्या ग्रुपवर परवा पुन्हा तेच फॉरवर्ड फिरलं: ‘अल्झायमर म्हणजे मेंदूचा डायबेटिस. साखर सोडा, स्मृती वाचवा.’ ‘टाइप ३ डायबेटिस’ हे त्यामागचं नाव आता टाकून द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. २००५ साली सुझान डी ला माँटे यांच्या गटाने ते चलनात आणलं. रुग्णांच्या मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत इन्सुलिनचा कारभार ढेपाळलेला दिसला होता. निरीक्षणाला माझी हरकत नाही, नावाला आहे. (‘टाइप ३सी’ नावाचा खराखुरा मधुमेह आहे, पण तो स्वादुपिंडाच्या आजारातून होतो. म्हणजे गोंधळात भर!)

बरं, इन्सुलिन कमी पडतंय तर देऊन बघू, हेही झालं. नाकातून फवारा, २८९ जण, वर्षभर. २०२० मध्ये निकाल आला: स्मृतीच्या घसरणीत फरक नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड या मधुमेहावरच्या औषधाचा निकाल आला. ३,८०० च्या वर लोक होते, तरी आजाराचा वेग कमी झाला नाही.

खवचट म्हातारा:
साफ असहमत. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण बसल्या बसल्या शरीरातलं वीस टक्के ग्लुकोज तो एकटा फस्त करतो. अशा अवयवाचं इंधन बिघडलं तर तो किरकोळ तपशील कसा? १९९६ मध्येच दिसलं होतं की अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या ‘एपीओई४’ जनुकाच्या दोन प्रती असलेल्या, पण स्मृती शाबूत असलेल्या पन्नाशी-साठीच्या लोकांतही मेंदूच्या ठरावीक भागांत ग्लुकोजचा वापर घटलेला असतो. विसरभोळेपणा नंतर येतो. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही चाचण्या आजाराची लक्षणं दिसू लागलेल्यांवर झाल्या. तहान लागल्यावर विहीर खणायची आणि पाणी लागलं नाही म्हणून जमिनीला दोष द्यायचा!

निशाचर:
वेळेचा मुद्दा मान्य. पण ‘मेंदू उपाशी मरतो’ हे चित्रच अर्धवट आहे. २०१८ साली बाल्टिमोरच्या दीर्घकालीन अभ्यासातल्या मेंदूंत उलटंच सापडलं. आजारी मेंदूच्या ऊतींत ग्लुकोज *जास्त* होतं. ते पेशीत नेणारं ‘ग्लुट३’ हे प्रथिन कमी होतं आणि जाळण्याचा वेगही मंदावलेला. सरपणाचा ढीग लागलाय आणि चूल पेटत नाही. अशा वेळी ‘गोड बंद करा’ किंवा ‘मेंदूला टॉनिक द्या’, दोन्ही सल्ले सरपणाबद्दलचेच झाले ना?

सांजवेळ:
मी शास्त्रातली नाही, आईची काळजी घेते. तिचा पेट स्कॅन (मेंदू कुठे किती ग्लुकोज वापरतो ते दाखवणारा) केला तेव्हा आधी बोटातून रक्त काढून साखर तपासली, ती नॉर्मल. मग औषध टोचून अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगितलं. तेवढ्या वेळात तिने तीनदा विचारलं, ‘आपण कुणाला बघायला आलोय?’ पडद्यावर मेंदूचा पुढचा भाग पिवळाधमक, आणि कानांच्या वर-मागे दोन्हीकडे हिरवट-निळं, म्हणजे तिथे वापर घटलेला. डॉक्टरांनी तिथे पेनाचं टोक टेकवलं आणि काही वेळ उचललंच नाही.

आईला मधुमेह कधीच नव्हता. तरी मावशी म्हणते, ‘लाड करून गोड खाऊ घातलंत, म्हणून झालं.’ हे नाव ज्यांना आवडतं त्यांनी एकदा हे वाक्य ऐकून घ्यावं.
आणि एक विचारते: माझ्या रक्तात आधी काही कळेल का?

परीक्षानळी:
ताई, चयापचयाच्या अंगाने तसा प्रयत्न झाला होता. २०१४ मध्ये रक्तातल्या दहा स्निग्ध पदार्थांवरून दोन-तीन वर्षं आधी नव्वद टक्के अचूक भाकीत करता येतं, असा गाजावाजा झाला. दुसऱ्यांनी वेगळ्या लोकांच्या रक्तात तेच तपासलं, तर भाकीत कोसळलं. आज रक्ततपासणी आहे, पण ती टाऊ आणि अमायलॉइड या, अल्झायमरमध्ये मेंदूत साठणाऱ्या प्रथिनांची. अमेरिकेत मे २०२५ मध्ये तिला मंजुरी मिळाली, तीही लक्षणं असलेल्या ५५ वर्षांवरच्यांसाठी. तुम्ही धडधाकट आहात, तर सध्या त्या वाटेला जाऊ नका.

बाकी दोघांनाही एक टोमणा. साखरेवरून भांडताय, पण ‘एपीओई’चं मूळ काम चरबी वाहून नेणं. खुद्द अल्झायमरसाहेबांनी १९०७ मध्ये मेंदूच्या आधारपेशींत चरबीचे थेंब नोंदवले होते. पुढे सगळे अमायलॉइडच्या मागे लागले आणि ते थेंब अडगळीत पडले.

खवचट म्हातारा:
टोमणा पोचला. पण म्हणजे चयापचयच की! शिवाय ग्लुकोज नीट न जाळणारा हाच मेंदू केटोन (चरबीपासून बनणारं इंधन) मात्र बऱ्यापैकी वापरतो. त्याचं काय?

निशाचर:
वापरतो, खरंय. पण केटोन वाढवणाऱ्या एका औषधाची मोठी चाचणी २०१७ मध्ये फसली. आणि मधुमेहाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, म्हणून साखर ताब्यात ठेवावीच, त्यावर वाद नाही. फक्त मधुमेहींच्या मेंदूंत रक्तवाहिन्या तुंबून झालेल्या जखमा जास्त सापडतात, अमायलॉइड जास्त सापडत नाही. वाट वेगळी आहे, मग नाव एक कशाला?

खवचट म्हातारा:
बरं, नाव सोडलं. मुद्दा सोडत नाही. पन्नाशीतल्या निरोगी लोकांवर दहा वर्षं चाचणी करा, मग बोलू.

सांजवेळ:
तुमचं चालू द्या. मावशीला आत्ता काय लिहू? ग्रुपवर वाट बघतेय.

निशाचर:
आईचा त्या दिवशीचा साखरेचा रिपोर्ट टाका. वर काही लिहू नका.