नागपूर-वर्धा लोकल: चालवायला कंपनी निवडायची झाली तर निविदेत नेमकं काय बघायचं?

अपडाऊन_वर्धा
नागपूरहून वर्धा, नरखेड, रामटेक आणि भंडारा रोड अशा चार दिशांना ब्रॉडगेज मेट्रो, म्हणजे रेल्वेच्याच रुळांवरून मेट्रोसारख्या गाड्या, चालवायची योजना सगळ्यांना माहीत आहे. प्रवासी संघटनेतर्फे एक निवेदन द्यायचं आहे. समजा रूळ आणि सिग्नल रेल्वेकडेच राहिले आणि गाड्या चालवायचं काम एखाद्या कंपनीला दिलं, तर तिची निवड कशी व्हावी? बैठकीत चर्चा दोनच गोष्टींवर अडते: ज्याची बोली कमी त्याला द्या, नाहीतर मोठ्या परदेशी कंपनीला द्या. आकड्यांत पकडता येतील असे मुद्दे हवे आहेत.

रुळाकाठी
कंपनीचं नाव सगळ्यांत शेवटी बघा. आधी हे ठरू द्या की तिकिटाचे पैसे कोणाकडे जाणार.

एका पद्धतीत उत्पन्न कंपनी ठेवते आणि सरकारला ठरलेली रक्कम देते, किंवा सरकारकडून अनुदान घेते. यात जो प्रवासीवाढीचा सगळ्यांत फुगवलेला अंदाज मांडतो तोच जिंकतो. ब्रिटनमध्ये लंडन-एडिनबरो मार्गावर हे तीनदा झालं. पहिल्या कंपनीचा करार २००७ मध्ये संपवावा लागला. दुसरीने १.४ अब्ज पौंड द्यायचं कबूल केलं आणि २००९ मध्ये मार्ग सरकारच्या ताब्यात गेला. तिसरीने ३.३ अब्ज कबूल केले, तीही जून २०१८ मध्ये बाहेर पडली. तिन्ही वेळा प्रवासी अंदाजाएवढे वाढले नाहीत.

आपल्याकडे तर भाडं आणि मासिक पासाचा दर कंपनी ठरवणारच नाही. जे तिच्या हातात नाही त्याची जोखीम तिच्यावर टाकली की एकतर ती बोलीत भरमसाट पैसे धरते, नाहीतर मध्येच सोडून जाते. म्हणून उत्पन्न कंत्राट देणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे राहू द्या आणि कंपनीला चाललेल्या गाडी-किलोमीटरमागे पैसे द्या. वक्तशीरपणा, स्वच्छता, तिकीट तपासणी यावर बोनस आणि कपात ठेवा.

अजून एक. बँक गॅरंटी किती हवी याचं सूत्र निविदेतच छापलेलं असू द्या. ब्रिटनच्या वेस्ट कोस्ट मार्गाची निविदा ऑक्टोबर २०१२ मध्ये रद्द झाली, कारण कोणत्या कंपनीकडून किती आर्थिक हमी घ्यायची याचा हिशेबच खात्याने चुकवला होता. सगळ्या बोलीदारांचा खर्च सरकारला भरून द्यावा लागला.

लिंक_रोस्टर
रुळाकाठी यांच्याशी सहमत. पण कमी बोली खरी की पोकळ, हे रेक (डब्यांचा पूर्ण संच, म्हणजे एक गाडी) आणि लोको पायलट (गाडीचालक) यांच्या संख्येवरून कळतं. हिशेब करून दाखवतो. आकडे गृहीत आहेत, रीत लक्षात घ्या.

वर्धा सुमारे ८० किलोमीटर. एका बाजूला ७५ मिनिटं आणि प्रत्येक टोकाला १५ मिनिटं थांबा धरला, तर पूर्ण फेरी १८० मिनिटांची. दर अर्ध्या तासाला गाडी हवी तर १८० भागिले ३०, म्हणजे ६ रेक कायम रुळावर. एक देखभालीत, एक तयार उभा. एकूण ८. बोलीत ७ दिसले तर विचारा, देखभाल रात्रीच्या कोणत्या तासात करणार आणि एक रेक बिघडला तर काय?

आता पायलट. सकाळी ६ ते रात्री १०, म्हणजे १६ तास गुणिले ६ रेक, ९६ तास. आठ तासांच्या ड्युटीत सही, श्वासचाचणी, रेकची तपासणी आणि जेवण वजा जाता प्रत्यक्ष गाडीवर ६ तास मिळतात. म्हणजे १६ ड्युट्या. दोन राखीव धरून १८. पण माणूस ३६५ दिवस कामावर नसतो. ५२ साप्ताहिक सुट्ट्या, ३० रजा, १२ सणांचे दिवस आणि ७ दिवस रिफ्रेशर (उजळणी प्रशिक्षण) वजा केले की उरतात २६४. ३६५ भागिले २६४, म्हणजे १.३८. तेव्हा १८ जागांना २५ पायलट लागतात.

बोलीत २० लिहिले असतील तर स्वस्ताई तिथूनच आली आहे. पहिले काही आठवडे ओव्हरटाइमवर निघतात, आणि दिवाळीत किंवा लग्नसराईत फेऱ्या रद्द व्हायला लागतात. शिवाय नवीन पायलटला मार्ग पाठ होईपर्यंत एलआर, म्हणजे मार्ग शिकायच्या, फेऱ्या कराव्या लागतात, तो काळही वेळापत्रकात धरायला हवा. मे २०१८ मध्ये इंग्लंडात नवं वेळापत्रक लागू झालं तेव्हा नॉर्दर्न आणि थेम्सलिंक या रेल्वेसेवांचे चालक मार्ग शिकून वेळेत तयार नव्हते. रोज शेकडो गाड्या रद्द झाल्या.

अपडाऊन_वर्धा
हा हिशेब थेट निवेदनात घालतो, भाऊ. उशिराचा दंड कसा लावायचा? पाच मिनिटांपेक्षा उशीर झाला की कपात, एवढं पुरे का?

रुळाकाठी
नाही पुरत. फक्त शेवटच्या स्टेशनवर वेळ मोजली की कंपनी मधली स्टेशनं गाळते. मेलबर्नमध्ये गाडी वेळेत दाखवण्यासाठी असंच व्हायचं. आपल्या मार्गावर गुमगाव, बोरखेडी, तुळजापूर गाळलं की वर्ध्याला गाडी वेळेवर पोहोचेल. आकडा सुधारेल आणि बोरखेडीचा प्रवासी फलाटावर उभा राहील.

म्हणून अजनी, बुटीबोरी, सिंदी, सेवाग्राम अशा मधल्या ठिकाणीही वेळ नोंदवा. गाळलेलं स्टेशन म्हणजे अर्धी रद्द फेरी धरा. आणि रद्द फेरीची कपात उशिराच्या कपातीपेक्षा निदान तिप्पट ठेवा, नाहीतर उशिरा चालवण्यापेक्षा रद्द करणं कंपनीला स्वस्त पडतं. बुटीबोरी एमआयडीसीच्या पाळ्या सुरू व्हायच्या आणि सुटायच्या वेळेच्या गाड्यांना वेगळं, जास्त वजन द्या.

केबिनमास्तर
उशीर कोणामुळे झाला हा प्रश्न नागपुरात सगळ्यात अवघड आहे. वर्धा आणि नरखेड मध्य रेल्वेकडे, रामटेक आणि भंडारा रोड दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे. दोन झोन, दोन कंट्रोल (गाड्यांचे नियंत्रण कक्ष). त्यात हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मुख्य मार्ग इथेच एकमेकांना छेदतात आणि वर कोळशाच्या मालगाड्या. लोकल आउटरला, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला, उभी राहिली ती मालगाडीमुळे, तर कंपनीचे पैसे कापणार का? कापले तर ती प्रत्येक मिनिटावर वाद घालेल, आणि कापले नाहीत तर प्रत्येक उशीर रेल्वेच्या नावावर टाकेल. तीन मिनिटांवरच्या प्रत्येक उशिराला कारणाचा कोड, त्याच दिवशी, कंट्रोलमध्ये दोन्ही बाजूंचा माणूस बसून. वाद उरला तर ठरलेल्या मुदतीत निकाल देणारा तिसरा पक्ष. निविदेत याची पद्धत नसेल तर शहाणी कंपनी बोली लावणारच नाही. २०२० मध्ये रेल्वेने १५१ खासगी गाड्यांसाठी अर्ज मागवले, आणि शेवटी पैशाच्या बोली आल्या फक्त दोघांच्या.

दुसरं म्हणजे हस्तांतराच्या दिवसाची स्थितीनोंद. दिल्लीच्या एअरपोर्ट एक्स्प्रेस लाईनचं बांधकाम डीएमआरसीने, म्हणजे दिल्ली मेट्रोच्या सरकारी कंपनीने, केलं होतं, चालवायची खासगी कंपनी. जुलै २०१२ मध्ये पुलाच्या गर्डर-बेअरिंगमधल्या दोषांवरून लाईन बंद झाली, १ जुलै २०१३ पासून डीएमआरसीने ती स्वतः चालवायला घेतली, आणि दोष कोणाचा हा खटला २०२४ पर्यंत सर्वोच्च न्यायालयात होता. तेव्हा प्रत्येक रेक, दरवाजा, कपलर (डबे जोडायचा सांधा), चाकाची झीज फोटो आणि मापासकट पहिल्या दिवशी दोघांच्या सहीने नोंदवा.

अपडाऊन_वर्धा
आणि गुण? तांत्रिक आणि पैशाचे किती-किती?

लिंक_रोस्टर
तांत्रिक प्रस्तावाला १०० पैकी ७० ची पात्रता रेषा, त्याखालच्याचं पैशाचं पाकीट उघडायचंच नाही. वरच्यांमध्ये ६०:४०, तांत्रिक ६०. तांत्रिक गुणांतले सर्वांत जास्त पायलट-गार्डची भरती आणि प्रशिक्षण, रेक देखभाल आणि बिघाडानंतर गाड्या परत वेळेवर आणायची योजना यांना. उलाढालीला गुण नकोत, ती फक्त पात्रतेची अट. बोलीत लिहिलेली पायलटसंख्या करारात अट म्हणून उतरवा आणि दर तिमाहीला हजेरीपटावरून तपासा. करार १० ते १२ वर्षांचा, पाचव्या वर्षी तपासणी. दिल्ली-मेरठ वेगवान रेल्वेमार्गासाठी एनसीआरटीसी या सरकारी कंपनीने जर्मन कंपनीशी १२ वर्षांचाच करार केला आहे, तो नमुना म्हणून जोडा. आणि करार संपताना देखभालीचा सगळा डेटा, सुटे भाग आणि प्रशिक्षित कर्मचारी पुढच्या कंपनीकडे जातील, हे कलम पहिल्याच मसुद्यात मागा. नंतर ते घालून घेता येत नाही.