कॅलिग्राफी: मराठी लिहिताना काना जाड आणि शिरोरेषा बारीक का येते?

गोदाकाठ:
पायलट पॅरलल 3.8 एमएम घेतलाय (दोन सपाट पात्यांच्या चपट्या निबचं कॅलिग्राफी पेन). इंग्रजी व्हिडिओ बघून पेन धरायला शिकलो, ती अक्षरं बरी येतात. मराठीत मात्र काना जाड, शिरोरेषा त्याच्या जेमतेम निम्मी आणि ‘र’चा पाय सगळ्यात जाड. झेरॉक्सच्या कागदावर शाईही फुटते. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनासाठी सोसायटीच्या बोर्डावर ए-3 फलक लावायचाय. ब्रश पेनने करू का?

कटनिब:
दोष धारेच्या दिशेत आहे. इंग्रजीत निबची धार, म्हणजे कागदाला टेकणारी चपटी कड, डावीकडून उजवीकडे चढती ठेवतात, साधारण 30 अंशांत. तशी धरली की उभी रेघ निबच्या 87 टक्के जाड येते आणि आडवी 50 टक्के. तुमचा काना आणि शिरोरेषा नेमके तेच दाखवतायत. देवनागरीत धार उलटी, म्हणजे डावीकडून उजवीकडे उतरती, 45 अंशांत. मग दोन्ही रेघा सारख्या येतात, 3.8 च्या निबला सुमारे 2.7 एमएम. ‘र’चा पाय धारेच्याच दिशेने उतरत असल्याने आपोआप बारीक होतो.

लिहायच्या आधी पेन बोटांत न फिरवता एक गुणिलेची खूण काढा. डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ केसासारखी बारीक आणि दुसरी पूर्ण 3.8 ची यायला हवी. मग अधिकची खूण काढा, त्यात दोन्ही रेघा सारख्या. हे जमेपर्यंत अक्षराला हात लावू नका.

उजव्या हाताला ही धार अवघडच जाते. कागद टेबलावरच फिरवून उजवी बाजू 15-20 अंश वर घ्या, कोपर अंगाजवळ घ्या, उरलेला कोन पेन बोटांत वळवून साधा. रेघेची एक कड स्वच्छ आणि दुसरी कुरतडल्यासारखी आली, तर निबचा एक कोपरा उचलला जातोय. जोर वाढवू नका, मनगट थोडं वळवा.

बोरू तासणार असाल तर टोक समोर करून वरून बघा: डावा कोपरा पुढे, उजवा मागे. डावखुऱ्यांसाठी विकतात त्या तिरक्या निबा नेमक्या उलट कापलेल्या असतात. उजव्या हाताने देवनागरी लिहायला त्या घेऊ नका.

अनुस्वार:
मग डावखुऱ्या मुलीला काय द्यावं?

कटनिब:
साधी सरळ कापलेली निब. डाव्या हाताची धार मुळातच उतरती पडते. देवनागरी तिला तुमच्यापेक्षा सोपी जाईल. फक्त शाई पुसली जाऊ नये म्हणून हात ओळीच्या खाली ठेवायला लावा.

शाईदौत:
शाई फुटते ती कागदामुळे. 70-75 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) झेरॉक्स कागद पॅरललची शाई झेलत नाही. 100 जीएसएमचा गुळगुळीत कागद घ्या. नाशिकच्या मेन रोड, रविवार कारंजा भागातल्या स्टेशनरीच्या दुकानांत सुटे ताव मागा आणि कोपऱ्यावर एक टिंब टेकवून बघूनच रीम घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये चांगला कागदही ओल धरतो, तो प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

पॅरललमध्ये वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक कधीही भरू नका. तिच्यातलं शेलॅक (लाख) दोन पात्यांच्या मध्ये वाळून बसतं. फाउंटन पेनची शाईच वापरा, ड्रॉइंग इंक बोरूसाठी ठेवा. रेघेच्या दोन्ही कडा उमटल्या आणि मधे पांढरं राहिलं, तर पेनासोबत आलेली पातळ फिल्म पात्यांच्या फटीतून फिरवा. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

वेलांटी:
फलक ब्रश पेनने नको. ब्रश पेनची गंमत खाली येताना दाब आणि वर जाताना हलका हात, यात आहे. आपल्या लिपीत वर चढणाऱ्या रेघा फार कमी, त्यामुळे जाड-बारीक आपसूक येत नाही, ते आधी ठरवावं लागतं: कान्याला दाब, शिरोरेषा हलकी. आधी पॅरलल हातात बसू द्या. पुढे ब्रश घ्याल तेव्हा कडक टोकाचा घ्या. खरखरीत कागदावर मऊ टोकाचे तंतू लवकर सुटतात.

सरावाला अक्षराची उंची पाच निब धरा: 3.8 ला 19 एमएम, वर वेलांटी-मात्रेला 8, खाली उकाराला 8. ए-4 वर सात ओळी बसतात. अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने घेऊ नका, घडणीप्रमाणे घ्या: व-ब-क, प-ष-फ, ग-म-भ, ट-ठ-ढ. ‘व’चं पोट जमलं की ‘ब’ आणि ‘क’ अर्धे झालेच. शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावर एका दमात ओढा.

कटनिब:
शिरोरेषेबाबत माझं मत वेगळं. शिकताना ती आधी पेन्सिलने आखावी आणि अक्षर तिला टांगावं. नाहीतर शब्द उजवीकडे उतरत जातो. शाईची रेघ शेवटी, हे मान्य.

ए-3 फलकाला 6.0 चा पेन घ्या, अक्षर 30 एमएमचं येईल. मजकूर दोन ओळींत, कागद आडवा. त्याहून मोठं हवं असेल तर 20 एमएमचा चपटा ब्रश आणि पोस्टर कलर, धार तीच 45 अंशांत. कुसुमाग्रजांच्या गावातला फलक आहे, ‘ठी’ची वेलांटी काढताना घाई करू नका: काना आधी, मग कान्याच्या डोक्यावरून निघून डावीकडे ‘ठ’वर झुकणारी कमान.