३४ किलोचा लॅब्रेडॉर, खिशाला परवडेल असं काय घालू?

आमचा शेरू रोज मोरजीच्या किनाऱ्यावर तासभर धावतो. कोरड्या खाण्याची महागडी पिशवी पंधरवड्यात संपते. भातावर ठेवला तर बरगड्या दिसायला लागल्या, जीव तुटतो.

— म्हापशाच्या बाजारातून तारले (सार्डिन मासे) आणा. मीठ-मसाल्याशिवाय कुकरमध्ये काटे मऊ होईपर्यंत शिजवा, भातात कुस्करा, वर उकडलेलं अंडं, भोपळा. आमची कुत्री वास आला की चुलीपाशीच बसते. हुमणाचा (माशांच्या कालवणाचा) भात मात्र नको, कांदा-लसूण विषारी.

— नुसत्या घरच्या जेवणात कॅल्शियम कमी पडतं. मी अर्धं कोरडं खाणं देतो. कोंबडी-मटणाची शिजलेली हाडं नकोत, आतड्यात रुततात. दोनदा विभागून घाला, जेवल्यावर लगेच धावायला नेऊ नका. मोठ्या कुत्र्याच्या पोटाला पीळ पडू शकतो.

— आज तारले घातले. ताटली चाटून लख्ख!