लष्करी शिक्का की हलकी बॅग? ताईच्या लॅपटॉपवरून घरच्या ग्रुपवर झालेली चर्चा

ताई: एक प्रश्न आहे सगळ्यांना. माझ्या लॅपटॉपचा बिजागर गेलाय. स्क्रीन उघडली की मागे लोळते, भिंतीला टेकवून काम चाललंय. महिन्यातले दहा-बारा दिवस मी बाहेर असते. विमान, ट्रेन, टॅक्सी, क्लायंटचं ऑफिस, की पुन्हा विमान. ऑफिसने या वेळी मॉडेल मलाच निवडायला सांगितलंय. टिकाऊ हवा आणि उचलायला हलका हवा. सुचवा.

मामा: (फॉरवर्ड केलेला मेसेज) लष्करी दर्जाचा लॅपटॉप घ्या आणि आयुष्यभर निश्चिंत राहा!!! 💪💪

दादा: मामा, हे कुठून आलं आता?

मामा: आधी वाच तरी. मिलिटरी सर्टिफाइड असतात हे. वरून ट्रक गेला तरी चालू राहतो.

दादा: ताई ऑडिटला जाते मामा, आघाडीवर नाही.

आई: तिचा खांदा आधीच दुखतोय. मागच्या आठवड्यात शेकत बसली होती. हलकं काहीतरी बघा रे.

वहिनी: ताई, आत्ता बघितला मेसेज. आमच्या ऑफिसात फिरतीवरच्या लोकांचे बिघडलेले लॅपटॉप माझ्याच टेबलावर येतात, त्यामुळे जे बघते तेच सांगते. पडून फुटलेले येतातच, पण त्याहून जास्त दाबून फुटलेले येतात. बॅग ठासून भरायची, सीटखाली पायाने ढकलायची, नाहीतर वरच्या कप्प्यात तिच्यावर कुणाची तरी ट्रॉली चढायची. मग स्क्रीनच्या मधोमध शाई सांडल्यासारखा डाग. त्याखालोखाल की-बोर्डवर पेन किंवा इअरबड राहून झाकण मिटलेले. मग सैल झालेलं चार्जिंगचं पोर्ट. बिजागर त्याच्यानंतर.

मी: कॅमेऱ्यावर चिकटवतात ती सरकती पट्टी पण यात धरा. ॲपलने २०२० मध्ये त्याबद्दल सूचनाच काढली होती. मॅकबुकचं झाकण मिटल्यावर मध्ये फट जवळपास राहतच नाही, पट्टी असेल तर स्क्रीनला तडा जाऊ शकतो. लावायचीच असेल तर साध्या कागदाएवढी, म्हणजे ०.१ मिमीपेक्षा जाड नको.

ताई: अगबाई. माझ्या लॅपटॉपवर आहे ती. कॉन्फरन्समध्ये फुकट वाटत होते.

मामा: ते सगळं ठीक आहे, पण मिलिटरीचं काय? माझ्या मेसेजला कुणी उत्तरच दिलं नाही.

वहिनी: देते मामा 🙂 एमआयएल-एसटीडी-८१० असं त्याचं नाव. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा चाचण्यांचा दस्तऐवज आहे, १९६२ पासूनचा. सध्या जाहिरातीत ८१०एच दिसतं, ती २०१९ ची आवृत्ती. यात पडणं, थरथर, धूळ, दमट हवा, उष्णता, उंचीवरचा कमी दाब अशा कितीतरी चाचण्या आहेत. मेख अशी की लष्कर कुठल्याही लॅपटॉपला सर्टिफिकेट देत नाही. यातल्या कुठल्या चाचण्या करायच्या आणि किती कडक करायच्या, ते कंपनी ठरवते. स्वतः करते किंवा लॅबकडून करून घेते, आणि खोक्यावर छापते. एकाने पाच केल्या, दुसऱ्याने वीस, शिक्का दोघांचा सारखाच.

मामा: म्हणजे खोटं?

वहिनी: खोटं नाही, अर्धं. पाडण्याच्या चाचणीत वस्तू २६ वेळा पाडतात. सहा बाजू, बारा कडा, आठ कोपरे. पण त्या २६ आपट्या एकाच नगाने खाल्ल्या असं समजू नका, पाच नगांत वाटून घ्यायची मुभा आहे. म्हणून शिक्का नुसता बघायचा नाही, कंपनीच्या पानावर जाऊन कुठल्या चाचण्या आणि किती उंचीवरून ते वाचायचं. तिथे काहीच लिहिलेलं नसेल तर तो शिक्का मी मोजतच नाही.

मामा: आणि खरोखरचे दणकट असतात ते?

मी: असतात ना. पॅनासॉनिकचे टफबुक. ५५ नंबरचा दोन किलोच्या पुढे, ४० नंबरचा तीन किलोच्या पुढे. बांधकामाच्या साइटवर, पाइपलाइनवर, रुग्णवाहिकेत त्यांना तोड नाही. ताईने खांद्याला लावला तर आई मला घरात घेणार नाही.

आई: अजिबात नाही घेणार.

भावोजी: मी तिला सोळा इंची सांगत होतो. एक्सेलच्या मोठ्या शीट असतात हिच्या. गेमिंगवाला घेतला की दहा वर्षं बघायला नको.

दादा: आणि त्याचा चार्जर? विटेएवढा असतो तो.

मामा: जावईबापू, उचलणार कोण? तुम्ही जाणार आहात का मागे-मागे?

भावोजी: हा मेसेज डिलीट केला आहे

वहिनी: 😄 भावोजींचा मुद्दा चुकीचा नाही, शीटसाठी जागा लागतेच. पण ती रुंदीत नाही, उंचीत लागते. १६:१० ची स्क्रीन घ्या (रुंदी १६ भाग, तर उंची १०), जुन्या १६:९ पेक्षा जास्त ओळी दिसतात. चौदा इंचात भागतं. हॉटेलच्या खोलीत मोठी स्क्रीन हवीच असेल तर टीव्हीला एचडीएमआय लावा. आता वजनाचं बोलू. एक किलोच्या आसपास चांगले पर्याय आहेत. एलजी ग्रामचा चौदा इंची ९९९ ग्रॅम. थिंकपॅड एक्स१ कार्बन साधारण १.१ किलो, त्याचं झाकण कार्बन फायबरचं. मॅकबुक एअर १३ इंची १.२४ किलो, पूर्ण ॲल्युमिनियम, आत पंखा नाही म्हणजे धूळ ओढणारं काही नाही. ॲल्युमिनियम पडलं तर पोचा येतो, पण पिळवटत नाही. कार्बन-मॅग्नेशियम हाताला जरा प्लास्टिकसारखं लागतं, दुकानात लोक तोंड वाकडं करतात. पण हलकेपणा तिथूनच येतो.

ताई: दुकानात काय बघू मग?

वहिनी: एका हाताने झाकण उघडा. खालचा भाग जागेवर राहून झाकण सहज वर आलं पाहिजे. मग लॅपटॉप पुढच्या कोपऱ्याला धरून उचला, कुरकुरला तर ठेवून द्या. झाकणाच्या पाठीवर मधोमध बोटाने हलका दाब द्या, स्क्रीनवर लाटा उठल्या तर बॅगेत काय होईल ते कळलंच. की-बोर्डवर पाणी सांडलं तर खाली निघून जायला वाट आहे का विचारा. थिंकपॅडच्या बऱ्याच मॉडेलना ती आहे. बिजागर किती टिकतो ते मात्र दोन वर्षं वापरल्यावरच कळतं, तिथे दुकानात हुशारी चालत नाही.

दादा: रिफर्बिश्ड, म्हणजे जुना दुरुस्त करून पुन्हा विकलेला बिझनेस लॅपटॉप कसा वाटतो? दणकट असतात आणि लवकर मिळतात.

वहिनी: घरी ठेवायला उत्तम. फिरतीला बॅटरी थकलेली निघते. आणि विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असेल तर हात लावू नका, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही.

मी: बॅटरीवरून आठवलं. दुकानदार "मोठी बॅटरी, मोठी बॅटरी" करतात, पण १०० वॉट-अवरच्या (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) वर लॅपटॉप कंपन्या सहसा जात नाहीत, कारण विमानात विनापरवानगी तेवढीच चालते. १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी लागते. सोळा इंची मॅकबुक प्रो ९९.६ वर थांबलाय तो उगाच नाही. आणि ताई, पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत टाकू नकोस, ती केबिनमध्येच न्यावी लागते. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते, म्हणजे चालेल.

ताई: माझ्याकडे दोन आहेत.

वहिनी: दोन कशाला? टाइप-सीवर चार्ज होणारा लॅपटॉप घेतला की ६५ वॉटचा एक छोटा गॅन (गॅलियम नायट्राइडचा, म्हणून आकाराने लहान) चार्जर फोनला, लॅपटॉपला, सगळ्याला पुरतो. एक गोष्ट मात्र लोकांना माहीत नसते. टाइप-सीची साधी केबल ६० वॉटपर्यंतच नेते. त्याच्या वर जायचं तर पाच अँपिअरची, आत चिप असलेली केबल लागते. नवा चार्जर घेऊन लॅपटॉप हळू चार्ज होतो म्हणून कुरकुरत आलेल्या दोघांना मी नुसती केबल बदलून परत पाठवलंय. आणि चार्जिंगची टाइप-सी पोर्टं शक्यतो दोन्ही बाजूंना असावीत, एक सैल झालं तर दुसरं हाताशी राहतं.

ताई: बाहेरदेशी व्होल्टेजचं काय? तिथे मी प्रत्येक वेळी घाबरते.

मी: चार्जरवर १००-२४० व्ही लिहिलंय का बघ. असेल तर फक्त पिनचा अडॅप्टर लागतो, कन्व्हर्टरची गरज नाही.

ताई: आणखी एक. बॅगेतून काढला की कधीकधी लॅपटॉप तव्यासारखा तापलेला असतो आणि बॅटरी संपलेली. हे पण बिजागरामुळे का?

वहिनी: नाही ताई, तो झोपलेलाच नसतो. नव्या विंडोज लॅपटॉपात झाकण मिटलं तरी फोनसारखा अर्धवट जागा राहतो, मेल बघतो, अपडेट घेतो. बॅगेत हवा लागत नाही, मग तापतो. पॉवरच्या सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर "हायबरनेट" निवडा, म्हणजे काम डिस्कवर जपून तो पूर्ण बंद होतो. उघडायला काही सेकंद जास्त लागतील, एवढंच.

मामा: स्नॅपड्रॅगन चिपवाल्या लॅपटॉपची बॅटरी म्हणे संपतच नाही.

वहिनी: खूप चालते, खरं आहे. पण ती चिप इंटेलपेक्षा वेगळ्या जातीची, म्हणून ताईंच्या ऑडिटचं सॉफ्टवेअर, व्हीपीएन आणि क्लायंटकडच्या जुन्या प्रिंटरचे ड्रायव्हर त्यावर चालतात का, हे आयटीला आधी विचारायचं. एक जरी अडलं तर बॅटरी घेऊन करायचं काय? आणि रॅम १६ जीबीच्या खाली नको. या हलक्या मॉडेलमध्ये ती बहुतेक वेळा बोर्डवरच बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही.

ताई: एवढं सगळं बघायचं म्हणजे माझं डोकं फिरेल. शिक्का, वजन, पोर्ट, बॅटरी… तू माझ्या जागी असतीस तर पहिलं काय बघितलं असतंस?

वहिनी: वॉरंटी. खरं सांगते. आम्ही कितीही दणकट घेतला तरी एखादा बिघडतोच, आणि तो बिघडतो नेमका क्लायंटच्या गावी, सकाळी नऊला. तेव्हा कार्बन फायबर कामाला येत नाही. तुम्ही आहात तिथे माणूस येऊन दुरुस्त करतो का, अपघाती नुकसान धरलंय का आणि परदेशात चालते का, ही तीन उत्तरं लेखी घ्या. आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारी असू द्या, विंडोजला बिटलॉकर, मॅकला फाइलव्हॉल्ट. हरवला तर नवा मिळेल, क्लायंटचे कागद दुसऱ्याच्या हाती नकोत.

मामा: हे फॉरवर्ड करू का दुसऱ्या ग्रुपवर?

दादा: मामा 🙏

वहिनी: ताई, एक काम करा. लॅपटॉप ठरवण्याआधी आत्ताची बॅग आहे तशी काट्यावर ठेवा. मग एकेक काढत वजन लिहा.

(तासाभराने)

ताई: केलं. बॅग ५.६ किलो. त्यात लॅपटॉप १.९, चार्जर आणि वायरी मिळून ०.६. उरलेले तीन किलोच्या वर आहेत आणि त्यात लॅपटॉपचा काही संबंध नाही. दोन पॉवर बँक, तीन डायऱ्या, एक छत्री आणि मागच्या तीन प्रोजेक्टच्या फायली.

आई: फायली कशाला वागवतेस गं?

ताई: विसरले होते की त्या आत आहेत.

भावोजी: मी सांगत होतो बॅग बदल म्हणून.

वहिनी: बदला, पण पाठीच्या बाजूला वेगळा कप्पा असलेली, आणि त्या कप्प्याचं तळ बॅगेच्या तळापासून थोडं वर असू दे. बॅग खाली टेकवताना लॅपटॉपचा कोपरा आपटत नाही.

ताई: बरं. एक पॉवर बँक, फायली आणि दोन डायऱ्या बाहेर. लॅपटॉप चौदा इंची, सव्वा किलोच्या आतला, १६ जीबी, दोन्ही बाजूंना टाइप-सी, जागेवर येणारी वॉरंटी. उद्या सकाळी आयटीला मेल टाकते, आमच्या सॉफ्टवेअरचं पण विचारते.

वहिनी: आणि कॅमेऱ्यावरची ती पट्टी?

ताई: काढली. काच थोडी चिकट राहिलीये, ती कशाने पुसू?