शेवटची २८ सेकंदे: डंकनला बाहेर बसवणे योग्य होते का?

चर्चाप्रस्ताव
१८ जून २०१३ रोजी एनबीए या अमेरिकी व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेच्या अंतिम मालिकेतील सहाव्या सामन्यात, मालिकेत ३-२ असा पुढे असलेला सॅन अँटोनियो स्पर्सचा संघ, २८ सेकंदे उरली असताना मायामी हीटवर ९४-८९ अशी आघाडी राखून होता. करंडक प्रदानासाठी कर्मचारी मैदानाच्या कडेला पिवळी दोरी घेऊन आलेही होते. तरीही प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी बचाव करताना टिम डंकनला, म्हणजे त्या रात्री ३० गुण आणि १७ रिबाउंड (नेम चुकल्यावर परतलेला चेंडू ताब्यात घेणे) मिळवणाऱ्या खेळाडूला, बाहेर बसवले. मायामीच्या लेब्रॉन जेम्सचा नेम चुकला, पण चेंडू मायामीकडेच राहिला आणि त्याने दुसऱ्या प्रयत्नात तीन गुण मिळवले. पुढच्या चढाईत तो पुन्हा चुकला, तेव्हा त्याचा सहकारी ख्रिस बॉशने रिबाउंड घेऊन रे ॲलनकडे चेंडू दिला आणि ५.२ सेकंदे उरली असताना ॲलनच्या तीन गुणांच्या नेमाने ९५-९५ अशी बरोबरी झाली. जादा वेळेत स्पर्स १००-१०३ असे हरले. संघातला उंच आणि अनुभवी रिबाउंडर बाकावर ठेवण्याची ही किंमत होती, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १
मला हे मान्य नाही. मायामीला तीन गुणांच्या नेमांचीच, म्हणजे दूरच्या रेषेबाहेरून मारलेल्या नेमांचीच, गरज होती. अशा वेळी प्रत्येक नेमबाजावर धावून जाता यावे आणि अडथळा आला की आपापसांत खेळाडू बदलून घेता यावेत, यासाठी चपळ खेळाडू ठेवणे हाच शहाणपणा होता; सदतिशीतला डंकन तीन गुणांच्या रेषेवर कोणाकोणाच्या मागे धावला असता? दोन्ही चढायांत लेब्रॉनचा पहिला नेम चुकला, म्हणजे बचावाने आपले काम केले होते. माझ्या लेखी सामना निसटला तो फ्री थ्रोच्या (फाउल झाल्यावर मिळणाऱ्या, एकेका गुणाच्या मोकळ्या नेमाच्या) रेषेवर. स्पर्सच्या मनू जिनोबिलीने दोनपैकी एक घालवला, त्यानंतर २१ वर्षांच्या कवाय लेनर्डनेही दोनपैकी एक घालवला. यातला एक जरी आत गेला असता, तरी ॲलनच्या त्या नेमाने बरोबरी झाली नसती.

प्रतिसाद २
तीन गुणांची आघाडी असताना मुद्दाम फाउल करून लेब्रॉनला दोन फ्री थ्रो का दिले नाहीत, हा मला अधिक मोठा प्रश्न वाटतो. ॲलनबद्दलही एक सांगावेसे वाटते. जमिनीवर पडून उठायचे, मागे सरकत कोपऱ्यात जायचे आणि खाली न पाहता पाय रेषेबाहेर ठेवून नेम साधायचा, हा सराव तो वर्षानुवर्षे करत आला होता. त्या क्षणीचा त्याचा शांतपणा तिथून आला होता.

चर्चाप्रस्तावक
फ्री थ्रोचा मुद्दा मला पटतो, आणि पहिल्या वेळचा निर्णयही मी समजू शकतो. परंतु चेंडू एकदा रिबाउंडवरच हातून गेल्याचे डोळ्यांसमोर घडल्यानंतर, अवघ्या काही सेकंदांनी पुन्हा डंकनविनाच बचाव करणे मला आजही पटत नाही.